अकरा एकांचा चातुर्मास

आषाढी होऊन चार दिवस झाले आणि आमच्या आळीतल्या बायकांना दुसरा विषय नाही. तू काय नेम धरलास, तुम्ही काय सोडलंत. कुणी चार महिने वांगं सोडलंय, कुणी एकवेळ जेवणार आहे, कुणी तुळशीची लाखोली वाहणार आहे, म्हणजे रोज हजारभर पानं मोजून देवाला वाहायची आणि कार्तिकीपर्यंत लाख भरायची. मला विचारलं की मी म्हणते, मी काहीही धरलेलं नाही. मग त्या माझ्याकडे अशा बघतात की मी जणू देवघर मोडीत काढलंय.

एकदा धरला होता, तो मला जन्माला पुरलाय, असं ओठांवर येतं. पण सांगू काय? की एका चातुर्मासात मी आणि आमच्या ह्यांनी मिळून एकाच आकड्याला दोन हजार वेळा भागलं? ऐकणारी म्हणेल, बाईला वारं लागलंय. मी गप्पच राहिले असते. अठरा वर्षं राहिलेच होते. पण गेल्या आठवड्यात आमचा वसंता पुण्याच्या कॉलेजातून दोन दिवस घरी आला, जेवताना गंमत म्हणून एक गोष्ट सांगून गेला, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात उठलेली तिडीक काही खाली बसत नाही. त्या चातुर्मासात माझ्या माथी एक चूक मारली गेली. ती माझी नव्हती. ती माझी नव्हती हे कुणीतरी एकदा चारचौघांत मोठ्यानं सांगावं, एवढंच माझं मागणं आहे. हे मागणं फार आहे का, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

तेव्हा आम्ही वेल्ह्याला होतो. हे तिथल्या शाळेत मास्तर. वेल्ह्याचा पावसाळा ज्यानं काढला नाही त्याला ओल म्हणजे काय ते कळायचं नाही. तोरणा एकदा ढगात गेला की महिना महिना दिसत नाही; तिथं डोंगर आहे हे आपण आठवणीवर धरून चालायचं. धुकं दारातून आत यायचं आणि चुलीच्या धुरात मिसळून जायचं. बरणीतलं मीठ पाझरायचं. काड्यापेटी मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. ह्यांचं धोतर चुलीवरच्या दोरीवर चार दिवस वाळायचं आणि पाचव्या दिवशी धुराचा वास घेऊन शाळेत जायचं. कागदाचं तर बोलायलाच नको. कागद सादळायचा, त्याला शाई लावली की ती फुटून पसरायची. म्हणून घरातलं सगळं लिहिणं पाटीवर. शाळेतल्या मोडक्या चौकटींच्या चार पाट्या ह्यांनी घरी आणल्या होत्या. वही एकच, जाड पुठ्ठ्याची, ती ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवलेली असायची.

आजही पावसाळ्यात कुठं ओल्या पाटीचा वास आला की मला ते घर आठवतं, आणि राग येतो. घराचा नाही येत. घर चांगलं होतं.

ह्यांना आकड्यांचं वेड. उत्रोलीच्या भातशेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा, घरातला पहिला शिकलेला, पण नांगरामागे चालतानासुद्धा म्हणे पाढे म्हणायचा. मी भोरची, वडील कचेरीत कारकून. मुलगा नसल्यामुळे त्यांनी पावकी, निमकी, दीडकी, औटकी सगळं मलाच पाठ करायला लावलं. चौथीनंतर शाळा सुटली तरी संध्याकाळची परवचा सुटली नाही. लग्न झाल्यावर आठ दिवसांत ह्यांच्या लक्षात आलं की गुणाकारात बायको आपल्यापेक्षा चलाख आहे. तसं ते कौतुकानं म्हणायचेही. घरात. आम्ही दोघंच असताना.

तर त्या वर्षी ह्यांनी शाळेच्या फळ्यावर एकाचे खेळ मांडले होते. नुसते एक लिहीत जायचे आणि त्यांना कोण भागतं ते शोधायचं. अकराला कुणी भागत नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. पाच एक लिहिले की ते ४१ आणि २७१ यांचे. सात एकांनी ह्यांना महिनाभर दमवलं, शेवटी २३९ आणि ४६४९ निघाले. आठ, नऊ, दहा एक फुटले. अकरा एकांशी मात्र गाडी अडली. ती संख्या वाचायला इतकी गोड की सांगता सोय नाही: अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. शाळेतली पोरं ती ओरडत घरी जायची. ह्यांनी हजारापर्यंतचे भाजक लावून बघितले. एकही लागेना. मग ह्यांच्या मनानं घेतलं की ही मूळ संख्या असणार. म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसरं कुणीच पुरतं भागू शकत नाही अशी. एवढी मोठी मूळ संख्या वेल्ह्याच्या मास्तरानं सिद्ध केली, असं पुण्याच्या प्रोफेसरांना कळवलं, तर भोरच्या मोठ्या शाळेत गणिताची जागा मिळायला कितीसा वेळ लागणार? असं ह्यांचं गणित. त्या गणिताला मी तरी का हसू? मलाही भोरला परत यायचं होतं.

सिद्ध करायचं म्हणजे किती भाजक लावायचे? ह्यांनी समजावलं. कुठल्याही आकड्याचे दोन तुकडे झाले की एक तुकडा वर्गमुळापेक्षा लहान असतोच. अकरा एकांचं वर्गमूळ एक लाख पाच हजारांच्या थोडं पुढं. तेव्हा एवढ्यापर्यंत बघितलं की झालं. मी म्हटलं, अहो, म्हणजे लाखोलीच की. हे हसले, पण त्यांचा चेहरा पडला होता. लाखापर्यंतचे भाजक एकेक करून लावायचे तर केस पांढरे झाले असते.

बावीसची युक्ती मला सुचली. हे वाक्य मी मुद्दाम एकटं लिहिते आहे, कारण पुढं त्याचं काय झालं ते सांगायचंय.

तांदूळ निवडत होते. डोक्यात ह्यांचे ते भाजक घोळत होते. ४१ आणि २७१. एकेक कमी केला की ४० आणि २७०, दोन्ही दहाच्या पटीतले. दहा म्हणजे पाचाची दुप्पट, आणि हे पाच एकांचे भाजक. मग सात एकांचे बघितले. २३९ मधून एक गेला, २३८, म्हणजे चौदा सत्रे. ४६४९ मधून एक गेला, ४६४८, तोही चौदानं तुटतो. चौदा म्हणजे साताची दुप्पट. तांदळाचं सूप तसंच टाकून मी उठले. अकरा एकांचा जो कुणी भाजक असेल तो बावीसच्या पटीपेक्षा एकानं जास्त असणार. २३, ४५, ६७, ८९, असे बावीस-बावीस मिळवत जायचं, मधले सगळे सोडून द्यायचे. शाळा सुटून हे आले तेव्हा मी दारातच सांगितलं. ह्यांनी छत्रीसुद्धा मिटली नाही, तशीच धरून अंगणात उभे राहिले आणि तोंडातल्या तोंडात भागाकार करू लागले. मग म्हणाले, लाखाचं काम तू दोन हजारांवर आणलंस. तो दिवस मी विसरणार नाही. रागात असले तरी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आषाढी होती. शेजारची कोंडाबाई, भाताचं खाचर आणि दोन म्हशी एकटीनं सांभाळणारी बाई, मला लाखोलीचं विचारायला आली. मी तिला म्हटलं, माझा नेम आकड्यांचा. रोज अठरा भागाकार, नऊ मास्तरांचे, नऊ माझे, कार्तिकीपर्यंत. ती डोक्यावरचं इरलं काढून खाली बसली आणि म्हणाली, "लई अवघड नेम धरला बाई तुमी. देवाला पावला म्हंजी बरं."

कामाची रीत अशी होती. मी पाटीवर बावीस-बावीस मिळवत आकडे लिहायची. पाटीवरचा आकडा बघायचा, त्यात बावीस मिळवायचे, खाली लिहायचा. त्यातले तीन, पाच, सात आणि तेरानं तुटणारे खोडायचे. उरतील ते हे वहीत उतरवून घ्यायचे, कारण ह्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि वही एकच. मग पाटी पुसायची, पुढची यादी. वहीतल्या यादीवरून आम्ही भागाकार करायचो, तेही पाटीवरच, आणि वहीत फक्त बाकी लिहायची. ह्यांनी केलेल्या भागाकारापुढे शाईची खूण. दौत माझ्या वाटेला कधी यायची नाही, म्हणून माझ्यापुढे कुंकवाचा ठिपका. वसंता तेव्हा रांगत होता. अर्धा भागाकार झाला की येऊन पाटीवर तळहात फिरवायचा. किती वेळा मी त्याला टोपलीखाली झाकून ठेवावं असं म्हटलं असेल.

भागाकार चुकू नये म्हणून प्रत्येकाला नवाचा ताळा. माझ्या वडिलांनी शिकवलेला, ह्यांच्या मास्तरांनी शिकवलेला, सगळ्या मुलखानं डोळे मिटून विश्वास ठेवलेला. आकड्यातले अंक मिळवत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. पाटीवर मोठी फुली मारायची, तिच्या चार कोपऱ्यांत भाजकाचा, भागाकाराचा, बाकीचा आणि मूळ आकड्याचा अंक मांडायचा. गुणलं, मिळवलं, जुळलं की भागाकार बरोबर. अकरा एकांचा ताळा दोन. त्या चार महिन्यांत मी दोनचा अंक इतक्या वेळा काढलाय की आजही कुणी दोन म्हटलं की हात फुलीच्या कोपऱ्याकडे जातो.

नऊ त्यांचे आणि नऊ माझे, हे बोलायला. श्रावणात शाळा तपासायला साहेब आले, ह्यांचे सहा दिवस गेले. उत्रोलीला लावणी लांबली, हे चार दिवस तिकडे. भाद्रपदात पडसं. राहिलेले भागाकार कुणी केले? दुपारी भांडी घासून झाली, वसंता निजला, की मी दारातल्या उजेडात पाटी घेऊन बसायची. समोर पागोळ्या. पलीकडच्या खाचरात बायका ओणव्या, इरल्यांच्या रांगा सरकताहेत, त्यांच्या गाण्याचा एखादा तुकडा वाऱ्यानं इकडे येतोय. माझ्या मांडीवर अकरा एक. तो आकडा मला तेव्हा आवडायला लागला होता, खरं सांगते. सगळे अंक सारखे, कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही. दुसऱ्या आकड्यांत दोन अंकांची अदलाबदल होऊ शकते. यात कुणाला कुठंही बसवा, आकडा तोच. असा आकडा फुटू नये असं मला मनापासून वाटायचं. बाकी शून्य आली नाही की सुटल्यासारखं व्हायचं.

कार्तिकी आली. शेवटचा भाजक झाला. वहीत दोन हजारांच्या आसपास आकडे, प्रत्येकापुढे बाकी, एकही शून्य नाही. ठिपके खुणांपेक्षा कितीतरी जास्त. ह्यांनी शाळेत पोरांच्या हातावर साखर ठेवली, आणि उन्हं पडल्यावर, कागद वाळवून, प्रोफेसरांना पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. त्यात मी होतेच कुठं? "मला असे आढळून आले", "मी बावीसची युक्ती योजली", "मी चार महिने परिश्रम केले". मी म्हटलं, अहो, बावीसची युक्ती मला सुचली ना? हे पत्राची घडी घालत म्हणाले, "अगं, एकच घर ना आपलं?"

एकच घर. बरं. श्रेय गेलं तर जाऊ दे, भोरला जायला मिळतंय ना, असा विचार केला. त्या विचाराचा मला आता फार राग येतो.

मार्गशीर्षात कार्ड आलं. प्रोफेसर सभ्य माणूस असावा, अक्षरावरूनही तसं वाटलं. त्यांनी लिहिलं होतं की अकरा एकांची संख्या मूळ नाही. २१६४९ गुणिले ५१३२३९ असे तिचे दोन तुकडे पडतात, आणि ही फोड विलायतेतल्या पुस्तकांत कितीतरी वर्षं छापलेली आहे. बावीसची युक्ती मात्र बरोबर आहे. ती आपण स्वतः शोधली असल्यास आपले अभिनंदन. एवढ्या कष्टांतून नेमका हा भाजक कसा निसटला ते सवडीने कळवावे.

हे वही घेऊन बसले. २१६४९ वहीत नव्हताच. जिथं असायला हवा तिथं एका पानाच्या माथ्यावर २१४६९ होता, पुढे बाकी १९१३, आणि पुढे कुंकवाचा ठिपका. ह्यांनी वही माझ्यासमोर धरली. रागावले नाहीत, हेच वाईट. रागावले असते तर मी भांडले असते. समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तुझ्या यादीतच तो आकडा चुकला होता. होतं असं."

आणि मी तो शब्द खरा मानला. यादी मीच केली होती. पाट्या कधीच्या पुसलेल्या. दाखवणार काय? आठ दिवस मी तोंड लपवून घरात वावरले. बाहेर मळणी चालली होती, गावभर नव्या भाताचा वास, कोंडाबाईनं नव्या तांदळाची भाकरी आणून दिली ती मी तशीच झाकून ठेवली. ती शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "जाऊ द्या वो मास्तरीनबाई. बाईमानसाच्या हातनं व्हायाचंच. मास्तर चावडीवर सांगत व्हते, पर तुमास्नी न्हाई बोलले वाईट." म्हणजे चावडीपर्यंत गेलं होतं. भागाकार करणारी बाई कुणाला ठाऊक नव्हती. चुकणारी बाई आठ दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झाली.

ती गेल्यावर मी वही काढली. रागानंच काढली. पानं उलटत त्या जागेवर आले. आधीच्या पानाच्या तळाशी २१५८३. या पानावर माथ्याला २१४६९. त्याखाली २१७३७. मोठ्यानंतर लहान, मग परत मोठा. पान उलटताना हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मी पाटी घेतली. २१५८३ मध्ये बावीस मिळवले, २१६०५. पाचानं तुटतो. आणखी बावीस, २१६२७. तीनानं तुटतो. आणखी बावीस, २१६४९. हा राहतो. आता समजा, मी इथंच चुकून २१४६९ लिहिलं असतं. पण मी पाटीवरचा आकडा बघूनच पुढची बेरीज करायची. मग चूक पुढं चालत गेली असती; २१४६९ मध्ये बावीस-बावीस मिळवत गेलं तर २१७३३ येतो, नंतर २१७५५ येतो. २१७३७ येतच नाही. कितीही मिळवा. आणि वहीत तर खाली सरळ २१७३७ होता, त्याखालचे सगळे आकडे बरोबर होते. म्हणजे माझ्या पाटीवर २१६४९ च होता. यादी बरोबर होती. वहीत उतरवताना सहा आणि चार यांची जागा बदलली, आणि वहीत उतरवायचं काम कुणाचं होतं?

ताळ्यानं ही चूक का पकडली नाही, तेही तेव्हा उमगलं. ताळा अंकांची नुसती हजेरी घेतो. सगळे आलेत ना, एवढंच बघतो. कोण कुठं बसलंय ते त्याला दिसत नाही. २१४६९ काय नि २१६४९ काय, दोघांचा ताळा चार. माझा भागाकार ५१७५४२, ताळा सहा. चार सक चोवीस, सहा. बाकी १९१३, ताळा पाच. सहा आणि पाच अकरा, म्हणजे दोन. जुळला! जुळणारच. माझा भागाकार अगदी बरोबर होता. चुकीच्या माणसाला भागलं होतं एवढंच.

मग मी २१६४९ नं भागलं. पाटी गुडघ्यावर. पाच, एक, तीन, दोन, तीन, नऊ. बाकी शून्य. चार महिन्यांत न दिसलेलं ते शून्य दुपारी दोनच्या उन्हात माझ्यासमोर होतं. आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. कारण दिवस मोजले तर तो आकडा नागपंचमीच्या आदल्या दिवसाचा निघाला. आमचा नेम श्रावणाच्या चौथ्या दिवशीच पुरा झाला असता. पुढचे तीन महिने, ती पडशातली दुपार, लावणीतली दुपार, सगळं उगीच. बरं, ५१३२३९ आणखी फुटतो का हेही बघायला नको. फुटला असता तर त्याचा धाकटा तुकडा आमच्या यादीत आधीच सापडला असता. काम तेवढं चोख झालं होतं.

पुढं कितीदा मी त्या आकड्याशी खेळले. एकाला २१६४९ नं भागत गेलं की शून्य शून्य शून्य शून्य चार सहा एक नऊ एक पाच एक, असे अकरा अंक येतात आणि परत तेच अकरा, परत तेच. कधी संपत नाही. ह्यांच्या तोंडचा "बघू" तसाच. तो कुठून आला ते आता सांगते.

संध्याकाळी हे आले. मी पाटी पुढं केली आणि सगळं मांडून दाखवलं. हे मास्तर आहेत, समजायला किती वेळ? दोनदा स्वतः बेरीज केली. खडू खाली ठेवला. म्हणाले, "खरं आहे. उतारा माझा चुकला." माझ्या जिवात जीव आला. मग म्हणाले, "पण मी बाजारच्या दिवशीच कार्ड टाकलंय त्यांना." काय लिहिलंत, विचारलं. यादी कुटुंबाच्या, म्हणजे माझ्या, हातची असल्यामुळे नजरचूक झाली, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, मग दुसरं टाका, आजच टाका. हे उठून हातपाय धुवायला गेले. आतून म्हणाले, "बघू."

तो बघू आज अठरा वर्षांचा झालाय. मी पहिली दोन वर्षं आठवण केली. मग वेल्हे सुटलं, ह्यांना भोरची जागा मिळाली, नुसत्या नोकरीच्या वर्षांवर, त्या अकरा एकांचा त्यात काडीचा संबंध नाही. म्हणजे ह्यांचं काही अडलं नाही. प्रोफेसरांचं अभिनंदनाचं कार्ड ट्रंकेत जपून आहे. युक्ती माझी, अभिनंदन ह्यांचं. चूक ह्यांची, ठपका माझा. इतकी चोख अदलाबदल तर ह्यांनी वहीतसुद्धा केली नव्हती. नंतर मी बोलणं सोडलं. हे वाईट नाहीत हो. माझ्या दुखण्यात रात्रंदिवस बसलेत, वसंताच्या शिक्षणासाठी स्वतःचे जोडे दोन वर्षं शिवून वापरलेत. पण एक कार्ड लिहवेना. कितीदा वाटलं, आपणच लिहावं. पण नवऱ्यानं लिहिलेलं बायकोनं खोडायचं, हे मला तेव्हा जमलं नाही. याचा राग कुणावर काढू?

आणि परवा वसंता. ताटावर बसला होता, मी वरणाचा हात पुढं केला होता. म्हणाला, आई, आमचे गणिताचे सर आहेत, म्हातारे, दर वर्षी एक गोष्ट सांगतात. डोंगरातल्या एका खेड्यात म्हणे एक मास्तर होता. अकरा एक म्हणजे मूळ संख्या हे दाखवायला त्यानं दोन हजार भागाकार केले. एकट्यानं. युक्तीही स्वतः शोधलेली. आणि यादी करायला बसवली बायकोला. तिनं नेमका हवा तोच आकडा चुकवला. सर म्हणतात, म्हणून आपली यादी आपणच करावी. अख्खा वर्ग खो खो हसतो.

वसंताही हसला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे भात कालवत होते. मी वाट बघितली. खरंच बघितली. एक घास, दोन घास. हे म्हणाले, "ताक आहे का?"

मी वरणाचं भांडं खाली ठेवलं, फडताळातून पाटी आणली आणि वसंताच्या ताटाशेजारी ठेवली. म्हटलं, लिही, २१५८३. मिळव बावीस. आणखी मिळव. त्यानं खरकट्या हातानं सुरुवात केली, मग हात धुऊन आला. २१६४९ वर आला तेव्हा मी त्याला वहीतलं पान दाखवलं. पोरगा हुशार आहे. २१७३७ बघितला आणि त्याचा चेहरा बदलला. वडिलांकडे वळून म्हणाला, "नाना, हे अक्षर तुमचं आहे."

"हो," हे म्हणाले. "उतारा माझा. युक्ती तिची." मग म्हणाले, "कळवायचं राहून गेलं."

राहून गेलं! दूध उतू जातं, दार लावायचं राहतं. हे राहून गेलं. पण निदान बोलले. अठरा वर्षांनी, आमच्या स्वयंपाकघरात, तिघांत. मी वसंताला म्हटलं, आता तू एक काम कर. पुढच्या वेळी सरांनी गोष्ट काढली की वर्गात उभा राहा आणि सांग. ती बाई माझी आई. यादी बरोबर होती, युक्तीही तिची, अर्ध्याहून जास्त भागाकार तिचे. पाटी घेऊन जा हवी तर.

आकडे त्याला पटले होते, पण बोट पाटीच्या चौकटीवरून उगाच फिरत होतं.

"आई, वर्गात कसं सांगू गं? सगळे हसतील."

"आणि आजवर काय रडत होते?"